तेवीस हिरव्या खुणा

१६ मे २०२४, गुरुवार. सकाळी धुकं. बाजारातून बटाटे आणि चीज आणलं. बटाटेवाल्या ओर्तेन्सियाच्या गोण्यांवर अकरा मोबाईल चालू होते. अकराही मोबाईलमध्ये आमचे एफ्राइन सर उड्या मारत होते. बघणारं कुणी नव्हतं.

एफ्राइन सर सव्वीस वर्षं माझ्याकडे भाड्याने राहतात. शाळेत खेळ शिकवतात. आठवड्याला एकच तास, त्यातला निम्मा समजावण्यात जायचा. गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली, तेव्हा त्यांनी आधीच आपल्या सगळ्या कसरतींचे व्हिडिओ काढून घेतले. मुलांनी ते घरी बघायचे, मैदानावर नुसतं करायचं. व्हिडिओ पूर्ण झाला की सरांच्या मोबाईलवर त्या मुलाच्या नावापुढे हिरवी खूण उमटते. खूण नाही तर गुण नाहीत.

पण इथे घरटी मोबाईल एकच, आणि तो आईबरोबर बाजारात जातो. फुकटचं इंटरनेट मिळतं ते नगरपालिकेच्या भिंतीपाशी, म्हणजे ओर्तेन्सियाच्या बटाट्यांजवळ. बायका व्हिडिओ लावून मोबाईल तिथे ठेवतात आणि आपापल्या धंद्याला लागतात.

"अगं, पोरांनी बघायला नको का?" मी ओर्तेन्सियाला विचारलं.

"दोन्या मेर्सेदेस, अहो बाई, माझी तामिया दिवसभर मेंढ्यांमागे उड्याच मारते. तिला काय शिकवायचं? तुम्ही सिस्टरांच्या शाळेतल्या, तुम्हाला सगळ्यात पाप दिसतं!" बायका हसल्या. मीही हसले. "आणि सरांना बोलू नका हं. पोरांचे गुण जातील."

मी हो म्हटलं.

संध्याकाळी जेवताना सर खुशीत होते. "उद्या लाकडी पेटीवरून कोलांटी. तेवीसच्या तेवीस हिरवे!"

"एकदा तोंडानं सांगाल का त्यांना?"

"कशाला? हात कुठे टेकायचे, हनुवटी छातीला कशी लावायची, सगळं त्यात आहे. हनुवटी लावली की मानेला धोका नाही."

"सर, खूण आली म्हणजे बघितलंच असं नाही."

"माणसं खोटं बोलतात, दोन्या. मोबाईल नाही बोलत." त्यांनी वाडगा पुढे केला. मी सूप वाढलं.

शुक्रवारी दहाला शाळेकडून शिट्टी ऐकू येत होती, पोरांचा गलका येत होता. मग दोन्ही एकदम थांबलं. हातातलं टाकून मी गेले.

पेटीपलीकडे तामिया पडली होती. डोळे उघडे होते. "हात कुठे गेले माझे?" ती हळू आवाजात विचारत होती. सर दुखऱ्या गुडघ्यावर बसले होते.

"हनुवटी का नाही लावलीस गं? बघितलं होतंस ना?"

"काय बघितलं, सर?"

सरांनी मोबाईल काढला. तिच्या नावापुढे हिरवी खूण होती.

तिला रिओबाम्बाच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. ओर्तेन्सिया बाजारातून धावत आली, तशीच गाडीत चढली. डॉक्टर काय म्हणाले ते अजून कुणाला कळलेलं नाही.

घरी येऊन मी सरांना सगळं सांगितलं. ते फक्त एवढंच म्हणाले, "तुम्हाला काल ठाऊक होतं?"

"हो. कालच."

ते खोलीत गेले.

संध्याकाळी रोजच्या वहीत लिहिलं: बटाट्याचं सूप केलं. एकच वाडगा धुवायला निघाला.