दोरीतलं तिसरं पाऊल

काचबिंदूने ह्यांची दृष्टी गेली, तेव्हा पहिलं वर्षभर हे भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. कारखान्यात टर्बाइनच्या आवाजावरून बिघाड ओळखणारा माणूस, आणि आता चहा गार झाला तरी पत्ता नाही! मग कुणीतरी अंध माणसांच्या पळण्याबद्दल सांगितलं. मी बुटाची जुनी नाडी घेतली, दोन्ही टोकांना फास केले, एक ह्यांच्या बोटांत अडकवला, एक माझ्या. म्हटलं, "उठा. नाहीतर मी चालले माहेरी." माहेरी कोणी उरलं नव्हतं, पण धमकी लागू पडली.

तेव्हापासून सोनागिरी भागाला लागूनच्या, कारखान्याच्या वसाहतीतल्या मैदानावर आम्ही रोज पहाटे पळायचो. शेजारीण चिडवायची, "भाभीजी, फेरे तो कब के हो गए थे ना?" मी म्हणायची, "तब ठीक से नहीं हुए थे." ह्यांचा चेहरा बदलला. भूक परत आली, माझ्यावर ओरडणं परत आलं. पळणं बंद झालं तर हा माणूस पुन्हा त्या भिंतीकडे तोंड करणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

दोरीने पळण्याची एक रीत आहे. डोळस सोबत्याने ओढायचं नाही, पुढे जायचं नाही. ह्यांचं पाऊल ज्या क्षणी पडेल, त्याच क्षणी माझं पडायचं. जोडी मुरली की दोघांचा मिळून एकच आवाज येतो. आमचा तसा यायचा. हे सगळ्यांना कौतुकाने सांगायचे, "मला हिचं पाऊल ऐकूच येत नाही."

गेल्या हिवाळ्यात एका पहाटे पळता पळता ह्यांनी दोरी घट्ट केली. "अगं, मागे कोण आहे?"

मी वळून पाहिलं. धुकं होतं. मैदानाच्या पलीकडे रिकाम्या क्वार्टर्सची रांग, दारं-खिडक्या काढून नेलेली. कोणी नव्हतं.

"कोणी नाही. चला."

"आहे. आपल्या पावलाला लागून पाऊल टाकतोय."

मी म्हटलं, असेल कुत्रं. हे म्हणाले, कुत्र्याला चार पाय असतात, ह्याला एकच आहे.

अंगावर काटाच आला माझ्या. एकच पाय म्हणजे काय? हे म्हणाले, आपलं पाऊल पडतं, आणि त्याच्या शेपटीला लगेच आणखी एक पडतं. फट्. पुन्हा आपलं, पुन्हा फट्. आपण थांबलो की तोही थांबतो.

मग रोजच सुरू झालं. पहिल्या फेऱ्यांना काही नसायचं. दम लागायला लागला, बोलणं बंद झालं, की ह्यांची मान वाकडी व्हायची आणि हे पुटपुटायचे, "आला." आणि खोटं कशाला बोलू, काही दिवसांनी मलाही ऐकू यायला लागलं. अगदी जवळ, पाठीशी. मी गर्रकन वळायची, तर आवाज बंद. धुक्यात ती बिनदारांची घरं तेवढी उभी. घरी येऊन मी मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या, ह्यांच्यावरून आणि दोरीवरूनसुद्धा. मोहऱ्या चांगल्या तडतडल्या. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला.

मैदान बदललं. रिक्षा करून शिवाजी नगरच्या बाजूला एका शाळेच्या मैदानात गेलो. तिथे लख्ख ऊन, फुगडी खेळणाऱ्या मुली, भुताखेताला जागाच नाही. तिसऱ्या फेरीला ह्यांनी दोरी सोडून दिली आणि मातीतच बसले.

"इथेही आलाय. तो मैदानात नाही गं. तो आपल्याबरोबर येतो."

हिवाळा सरताना दिव्यांगांची पळण्याची स्पर्धा होणार होती. त्यासाठी हे जीव टाकत होते. शाळेच्या मैदानावरून परतलो त्या रात्री जेवताना म्हणाले, "मी नाही पळणार. मागून ढकललं त्याने तर मला कळणारही नाही कुठे पडतोय." आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. मी ओट्याशी उभी राहून रडले. माझे दिवसही धड नव्हते. डाव्या पायातली चप्पल सारखी निसटायची, उंबऱ्याला ठेचा लागायच्या. मी चप्पलवाल्याच्या नावाने बोटं मोडत होते.

पण मी हार मानणारी नाही. अंध मुलांच्या शाळेतल्या एक तरुण बाई खेळ शिकवतात, त्यांना गाठलं. म्हटलं, एक दिवस तुम्ही दोरी धरा, मी पहारा देते. मागून येणारा जो कोणी असेल, त्याला आज मी बघतेच.

ह्यांना कसंबसं तयार केलं. वसाहतीच्या मैदानावर ती दोघं पळत होती तेव्हा मी मैदानाच्या दुसऱ्या कडेने, क्वार्टर्सच्या भिंतीलगत झपझप चालत होते. हातात काठी. भिंतीपाशी मला मात्र ते ऐकू येत होतं, फट्, फट्, अगदी बरोबर येणारं. मी काठी उगारून दोनदा मागे फिरले. कोणी नाही. घाम फुटला, पाय जड झाले, पण म्हटलं, इकडे माझ्या मागे लागलाय तर लागू दे, तेवढा ह्यांना सोडेल.

शेवटची फेरी झाली. हे धापा टाकत थांबले आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने हसले. "गेला! बाई, मागे कोणी नव्हतं! एकदाही नाही!"

मला इतका आनंद झाला की काठी टाकून मी त्यांच्याकडे निघाले.

ह्यांचं हसू विरलं. मान वाकडी झाली. हात पुढे करून मागे मागे सरकायला लागले. "थांबा. आला. समोरून येतोय."

मी जागच्या जागी थिजले. "अहो, मी आहे."

"तू बोललीस ते कळलं. तुझ्याबरोबर कोण आहे?"

"कोणी नाही."

मग हे अगदी हळू म्हणाले, "पुन्हा चाल."

मी चालले. टाच टेकली, आणि मागोमाग चवडा आपटला. फट्. मी खाली पाहिलं. दोन्ही पायांची बोटं वर उचलायचा प्रयत्न केला. उजवी उचलली गेली. डावी तशीच जमिनीला टेकून राहिली, जणू माझी नव्हतीच. आमचं पाऊल इतकं एक झालं होतं की त्यात जे जास्तीचं होतं, ते माझं असेल असं दोघांनाही सुचलं नाही.

हे चाचपत आले, खाली बसले आणि माझ्या नडगीवर हात ठेवला. "मी भ्यायलो होतो ते बरोबरच होतं गं," एवढंच म्हणाले.

साकेत नगरच्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी पायावर हातोडी मारून पाहिली, सुया टोचून पाहिल्या. नसांचा आजार आहे, हळूहळू वर चढेल, म्हणाले. किती हळू, ते त्यांना सांगता आलं नाही.

हे म्हणाले, आता पळणं बंद. मी इतकी संतापले की शेजारीण धावत आली. "भिंतीकडे तोंड करून झोपलात ना, तर बघा!" हे पळाले स्पर्धेत, त्या बाईंबरोबर. शेवटून दुसरे आले आणि पेढे मात्र पहिले आल्यासारखे वाटले.

आता रोज सकाळी मैदानावर मी बाकावर बसते. पण त्याआधी, बाई दोरी बांधत असतात तेव्हा, हे मला म्हणतात, "चालून दाखव." मी बाकापर्यंत चालत जाते. हे मान वाकडी करून ऐकतात.

"कालच्यासारखंच आहे," म्हणतात, आणि पळायला निघतात.

हल्ली ते म्हणायला त्यांना जरा वेळ लागतो.