मान टिकली

शिंक आली की त्या रुमाल शोधायच्या आधी दोन बोटं स्वतःच्या मानेवर ठेवत आणि म्हणत, "डोकं नवीन आलंय वाटतं."

अंबरनाथ पूर्वेला आमच्या वरच्या मजल्यावर त्या राहायच्या. मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत फ्लूची लस बनवणाऱ्यांपैकी एक; आणि दर पावसाळ्यात इमारतीत पहिला फ्लू त्यांनाच. "स्वतःचीच लस टोचून घ्या की ताई," असं कुणी म्हटलं तर उत्तर ठरलेलं. "अजून उंदरांचा नंबर आहे. रांग मोडायची नाही."

मानेची गोष्ट त्यांनी मला जिन्यात सांगितली होती. फ्लूच्या विषाणूच्या अंगावर खुंट्या असतात. खुंटीला वर डोकं, खाली मान. विषाणू सारखं डोकं बदलतो, मान मात्र सहसा तीच ठेवतो. आपली लस डोकं ओळखते, म्हणून दरवर्षी नवी लागते. शरीराला मान ओळखायला शिकवलं, तर नाना जातींच्या फ्लूला एकच लस पुरेल. "बहुतेक," त्या म्हणाल्या. हा "बहुतेक" त्यांचाच. एवढ्या मोठ्या कामाबद्दल बोलताना हा शब्द वापरणारी किती माणसं तुम्हाला भेटली आहेत, आठवून बघा.

शेजारी उभे असलेले आमचे सेक्रेटरी शेठ लगेच म्हणाले, "समजलं! आमच्या कॅम्पमधे पण लेबल दर सीझन बदलते, शिलाई तीच. शिलाई पकडायची." शेठ सिंधी, उल्हासनगर कॅम्प एकमध्ये त्यांचं कापडाचं दुकान होतं. मराठीतली लिंगंही ते कटपीससारखी वापरत. हाताला येईल तो तुकडा.

ताईंची अडचण अशी, की डोकं कापून टाकलं की मान उभीच राहत नसे, विस्कटून जाई. कित्येक वर्षं हेच चाललं होतं. शेवटी एक मान उभी राहिली. ती उंदरांना टोचली, आणि मग त्यांना भलत्याच जातीचा फ्लू दिला. उंदीर जगले तर काम पुढे जाणार, मेले तर प्रकल्प बंद.

त्याच आठवड्यात लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "काय गं, एवढी गप्प?"

"तिथे मान टिकेल असं वाटत नाही, काकू. या वेळी नाही जमलं तर गाशा गुंडाळायचा."

संध्याकाळपर्यंत इमारत पेटली. एवढी शिकलेली बाई, आणि ऑफिसात मान नाही! ताबडतोब सत्काराचं ठरलं. सभेत शेठ मूठ वळून उभे राहिले. "मॅडमची मान टिकली पाहिजे!"

"शेठ, मॅडमचा मान. टिकला," कुणीतरी दुरुस्त केलं.

"अरे साईं, टिकली, टिकला, टिकना चाहिए ना!"

मला हे सगळं कळलं तोवर फ्लेक्स छापून झाला होता, आणि आपल्याकडे छापलेला फ्लेक्स वाया जाऊ देत नाहीत. ताईंनी विनवून पाहिलं. "अहो काकू, ती मान नव्हे!" काकूंनी डोळे पुसले. "बघा, किती विनम्र पोर आहे!"

सत्काराला एक स्थानिक नेते आले. फीत, नारळ आणि माइक यांपैकी काहीही दिसलं तरी ते येत. भाषणाची सुरुवात त्यांनी अंबरनाथच्या प्राचीन मंदिरापासून केली. तिथून विषाणूपर्यंत यायचा रस्ता लांबचा होता. वाटेत त्यांनी स्त्रीशक्ती आणि जलवाहिनी असे दोन थांबे घेतले. मग ताईंच्या खांद्यावर शाल घातली आणि म्हणाले, "आज यांना खरा मान..."

तेवढ्यात ताईंचा फोन थरथरला. त्यांनी मेसेज वाचला. पुन्हा वाचला. दोन बोटं शालीखालून मानेवर गेली. नेतेसाहेबांच्या हातातला माइक त्यांनी सरळ काढून घेतला.

"मान टिकली! उंदीर जगले!"

साहेबांनी मटकन खुर्चीत बसून पाय वर घेतले. "उंदीर? स्टेजवर?"

टाळ्या एकट्या शेठनी वाजवल्या, उभं राहून. "बोला था ना, टिकली!"

मग काकूंना सगळं समजावून सांगितलं. "म्हणजे हा सत्कार उंदरांचा?" असं म्हणून त्यांनी पहिला पेढा ताईंच्याच तोंडात कोंबला.

पुढच्या कामासाठी ताईंना दुसऱ्या शहरात जावं लागलं. निरोपसमारंभाची कुणकुण लागताच त्या सकाळीच निघाल्या. रिक्षाजवळ शेठ आणि मी, दोघेच. मधल्या काळात आम्ही सगळ्यांनी मिळून शेठचं मराठी सुधारलं होतं, त्यामुळे त्यांना एक वाक्य धड बोलता येईना.

"मॅडम, तिकडे पण तुमचा मान... टिकला... टिकलं..."

"टिकली म्हणा शेठ. सगळ्यांत तुमचंच बरोबर होतं."

शेठचा चेहरा उजळला. "मग माणसांना कधी?"

"वेळ आहे. उंदीर जगले म्हणजे माणसं जगली असं नसतं. तोवर दरवर्षीची लस घ्या. टाळू नका."

रिक्षा सुटली. कोपऱ्यावर वळताना आतून एक सणसणीत शिंक ऐकू आली, आणि मागच्या प्लास्टिकच्या काचेतून दिसली मानेवर ठेवलेली दोन बोटं.