सासऱ्यांच्या गाडीतली टिकटिक

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला तर नाहीच — गाडी तिच्या वडिलांची होती. आता तिला इथेच कळेल.

ऐंशीचं दशक अर्धं सरलं असेल. मी नवा जावई. सासरे, म्हणजे नाना, राहायला मुलुंडला. त्यांच्या जुन्या फियाटला हात लावायची परवानगी एकट्या गोविंदकाकांना — त्यांच्या गावाकडच्या मेकॅनिकला. रविवारी दोघांचे पत्ते रंगायचे. त्या दसऱ्याला गाडीची पूजा करायचा मान मात्र मला मिळाला. सासूबाईंनी तारेत ओवलेली लिंबू-मिरची हातात दिली. आता मी पडलो शिकलेला माणूस — ती चारचौघांत दिसेल अशी बांधणार कशी? बॉनेटखाली, रेडिएटरच्या मागे अडकवून टाकली.

दुसऱ्या दिवशी इंजिनात टिकटिक. वेग वाढवला की तीही वाढे. मी लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनावर टेकवला, मूठ कानाशी धरली, डोळे मिटले — जाणकार मिटतात ना, म्हणून — आणि नानांना निकाल दिला, "टॅपेट सैल! परवाच गोविंदकाकांनी बसवलेत ना?"

काका आले. नाना बॉनेट अडवून उभे.

"गाडयेक हात लावू नको!"

"मेल्या, बघूक तरी दे!"

नाही दिलं. काका गेले. रविवारचे पत्ते बंद.

मग एकदा कुणी नसताना मी डोळे उघडे ठेवून पाहिलं. लिंबू-मिरचीच्या तारेचं टोक पंख्याच्या पात्यांना लागत होतं. बस्स, एवढंच! तेव्हा तरी बोलायचं ना? तार खिशात घातली आणि नानांना सांगितलं — टॅपेट नीट केले. कौतुकाची जिलबी आली. खाल्लीही.

पुढच्या दसऱ्याला नाना आपट्याची पानं घेऊन आपणहून काकांच्या दारात गेले. मागे मी. काका त्यांना बघून चटकन उठले.

"चूक झाली आसतली रे नाना. हात पयल्यासारखो चलना नाय."

न केलेली चूक त्या माणसाने अंगावर घेतली — दोस्त परत यावा म्हणून. आणि मी? शेजारीच, मुठीत आपट्याचं पान. मनात काय आलं सांगू? सुटलो!

पत्ते पुन्हा रंगले. मी चहा नेऊन द्यायचो. आता दोघंही नाहीत. पण आज लिहिता लिहिता खांदे खरोखर हलके झाले, हे नाकारत नाही.

टॅपेट नीटच बसवलेले होते, गोविंदकाका. तार मी बांधली होती.