बच्ची की तरफ से कौन है?

मंडळी, फार थकले आहे, पण हे आजच लिहायला हवं.

सकाळी माझ्या एका केससाठी बाल कल्याण समितीच्या दाराबाहेर बसले होते. शेजारी नऊ-दहा वर्षांची मुलगी. समितीमार्फत तिला सांभाळणाऱ्या कुटुंबाने नोएडात फ्लॅट घेतला. नोएडा म्हणजे दुसरं राज्य. म्हणून तिकडची परवानगी येईपर्यंत तिला दिल्लीतच बालगृहात ठेवावं, अशी चर्चा आत चालली होती.

बालगृहाचे तरुण वकील फोनवर बोलायला बाहेर आले. मी विचारलं, "बच्ची की तरफ से कौन है?"

"हम सब बच्ची के लिए ही तो हैं, मॅडम!"

"तो फिर बच्ची बाहर क्यों बैठी है?"

मी समितीची परवानगी काढली आणि तिची वकील म्हणून तिला आत घेऊन गेले.

समितीच्या अध्यक्षांनी तिला विचारलं, "बेटा, कुछ कहना है?"

"मेरा बस्ता तो ट्रक में उधर चला गया. मैं भी जाऊँगी ना?"

पुढच्या तारखेपर्यंत तिला कुटुंबासोबत राहू देतील. एवढंच मिळालं.

तिच्यासाठी मी जाईनच. पण त्या बाकावर उद्या दुसरं मूल बसलेलं असेल. आपल्या ग्रुपमधले वकील, तुमच्यापैकी कोण येणार?