उन्हातली गोधडी

पोट फाडायची भीती मला नव्हती. खरं सांगते, भीती होती ती नंतरच्या थरथरण्याची. थोरल्याच्या वेळी सिझेरियन झालं आणि कमरेतल्या इंजेक्शनची भूल उतरता उतरता माझं अंग असं काही हादरायला लागलं की खाट खडखडू लागली. आमच्या विंझरच्या घरात अंग थरथरलं की त्याचा एकच अर्थ, देवी आली. सासूबाई हळद-कुंकू घेऊन पायाशी उभ्या राहिल्या, हात जोडून विचारू लागल्या, "कोण हाईस बाय तू? काय मागतीस?" मला फक्त पांघरूण हवं होतं. पण दातावर दात आपटत होते, शब्द फुटेना. त्या गडबडीत बाळ दिवसभर माझ्या हातात कुणी दिलं नाही.

म्हणून दुसऱ्या खेपेला भोरच्या दवाखान्यात भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंना मी हे सगळं आधीच सांगून टाकलं. त्या हसल्या नाहीत. सलाईन कोमट करून लावू, अंग उबदार ठेवू, वेळ पडली तर औषध आहे, म्हणाल्या. तरी थोडी थरथर येऊ शकते, घाबरू नका. घाबरू नका म्हणणं सोपं असतं हो! टेबलावर पडल्या पडल्या मी गावदेवीचा धावा करत होते आणि त्याच दमात तिला विनवत होते, आई, आज मात्र तू येऊ नकोस. असलं उलटं मागणं कुणी केलं असेल का? मुलगी रडलेली ऐकू आली. तोवर अंग शांत होतं.

वॉर्डात आणलं, पंख्याचा वारा लागला आणि हनुवटी थरथरली. मग खांदे. सासूबाईंचा हात पिशवीतल्या कुंकवाच्या करंड्याकडे गेला. मुलीला घेऊन येणारी नर्स माझी थरथर बघून दारातच थांबली. झालं, पुन्हा तेच, असं वाटून मला रडू कोसळलं.

शेजारच्या खाटेवर पाली गावची एक म्हातारी नातीच्या सोबतीला होती. गच्चीवर उन्हात टाकलेली गोधडी तिनं नुकतीच खाली आणली होती. ती उठली, कुणाला न विचारता ती तापलेली गोधडी माझ्या गळ्यापर्यंत ओढली आणि सासूबाईंना म्हणाली, "आगं, देवी आसंल तर तिलाबी थंडी वाजतीच की. आदी पांघराय घाल, मग इचार."

सासूबाईंनी करंडा खाली ठेवला आणि पंखा बंद केला. डॉक्टरबाई आल्या, त्यांनी औषध दिलं. मी अंग आवळून धरलं होतं, ते सोडून दिलं. म्हटलं, आई, यायचं तर ये, नाहीतर नको, तुझं तू बघ. थरथर औषधानं थांबली, गोधडीनं की देवीच्या कृपेनं, हा वाद मी घालत नाही. थांबली, आणि माझी लेक माझ्या छातीवर आली.

म्हातारी दुसऱ्या दिवशी नातीला घेऊन गेली. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. तिची आठवण झाली की अजून हात आपोआप जोडले जातात.

सव्वा महिन्यानं आम्ही ओटी भरायला देवळात गेलो. खण-नारळ ठेवायच्या आधी सासूबाईंनी देवीच्या खांद्यावर शाल घातली, गळ्यापर्यंत नीट ओढली आणि मगच विचारलं, "काय मागतीस बाय?" मी लेकीला घेऊन मागे उभी होते. मला काहीच मागायचं नव्हतं.