बी विंगचं पोट

वजन कमी केल्याबद्दल आमच्या मुलुंडच्या सोसायटीत माझ्या निषेधाचा ठराव मंजूर झालेला आहे, आणि तो मला आजही मान्य नाही.

आमच्याकडे पंधरा ऑगस्टला झेंडावंदन आणि वडापाव झाला की ए विंग विरुद्ध बी विंग अशी रस्सीखेच होते. जिंकेल त्या विंगच्या लॉबीत त्या वर्षीचा सोसायटीचा गणपती बसतो. कित्येक वर्षं तो आमच्या बी विंगमध्येच बसत होता. माझ्या आईला याचा फार आनंद. तिचे गुडघे गेलेत. आमची लॉबी सपाट, त्यामुळे लिफ्टमधून उतरलं की समोर बाप्पा. ए विंगच्या लॉबीला मात्र चांगल्या दणदणीत पायऱ्या आहेत.

या सगळ्या विजयांमागे कोण होतं? मी! दोराच्या टोकाला मी उभा राहायचो आणि दोराचा फास माझ्या पोटाभोवती असायचा. मी काही करायचो नाही. नुसता असायचो.

पण मला हे कमीपणाचं वाटायला लागलं. नुसतं वजन म्हणून किती वर्षं उभं राहायचं? आपल्याला ताकदीने जिंकायचंय! त्यात मोबाइलवर एक पिळदार दंडांचा तरुण रोज ओरडून सांगू लागला की, भात सोडा, पोळी सोडा, तूप सोडा, फक्त प्रोटीन खा. दंड त्याचे होते, त्यामुळे मी वाद घातला नाही.

"आजपासून भात बंद," मी जाहीर केलं.

"मगे जेवतलंस काय, ताट?" आईने विचारलं.

"चिकन. उकडलेलं. आणि अंड्याचा पांढरा भाग. सोलकढीसुद्धा नको, नारळात फॅट असतं."

मालवणी घरात नारळाला फॅट म्हटल्यावर जी शांतता पसरते, ती ऐकायला धाडस लागतं.

"नारळाक नावां ठेवतंस? मेल्या, तुझो बापूस ह्याच नारळार वाढलो!"

आमची तन्वी कॉलेजात आहारशास्त्र शिकते. (म्हणजे तिची फी मी भरतो आणि ज्ञान मलाच ऐकावं लागतं.) ती म्हणाली, "बाबा, कार्ब म्हणजे जळण. खेचायला ताकद त्यातूनच येते. प्रोटीन शरीर बांधायला, झीज भरून काढायला. जळण बंद केलंत तर शरीर प्रोटीनच जाळायला घेईल. घर बांधायला आणलेलं सागवान चुलीत घालण्यासारखं आहे हे!"

"आणि फॅट?"

"ते साठवणीचं. आणि तुमच्या बाबतीत तर बाबा, ते सोसायटीच्या मालकीचं आहे."

मी ऐकतोय होय! पोट उतरायला लागलं. पँट सैल झाली. बायको, स्मिता, आधी खूश झाली, मग माझी चिडचिड बघून म्हणाली, "थोडा भात खा ना रे, निदान माणसासारखा बोलशील." एक दिवस लिफ्टमध्ये शेजारचा पेडणेकर भेटला. तोच आमच्या टीमचा कॅप्टन. त्याने माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं आणि पांढराच पडला.

"परब, पोट कुठाय?"

"उतरवलं!"

"कोणाला विचारून? अरे यार, ते पोट नाही, आमचा नांगर होता!"

"या वर्षी नांगर नाही, इंजिन बघ इंजिन!" मी म्हणालो.

पंधरा ऑगस्टला शिट्टी वाजली आणि इंजिनात डिझेल नाही हे पहिल्याच झटक्यात कळलं. मांड्या भरून आल्या, डोळ्यांपुढे काजवे चमकले. पहिली खेच ए विंगने घेतली. तन्वी वाटी घेऊन धावत आली.

"बाबा, पेज आहे. आजीने पाठवलीय. प्या ना!"

"नाही म्हणजे नाही! माझ्याकडे शेक आहे." (तो शेक चुना कालवल्यासारखा लागायचा. तरी प्यायलो. तत्त्व म्हणजे तत्त्व!)

दुसऱ्या खेचेत मी सर्व शक्तीनिशी मागे रेललो. इतकी वर्षं दोराचा फास माझ्या पोटावर अडायचा. या वेळी अडायला काही नव्हतंच. फास कमरेवरून सरकला, त्याने सैल पँटला सोबत घेतलं आणि दोघे मिळून गुडघ्यांवर आले. एका हाताने पँट आणि एका हाताने दोर धरून कोणी रस्सीखेच जिंकल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मी पालथा घसरत गेलो तो ए विंगच्या मेहताभाईंच्या चपलांपाशी थांबलो.

"परबभाई, आप तो आधे रह गये!" ते हळहळले. "पहले बोलते, तो हम प्रॅक्टिसही नहीं करते!"

"सकाळी काय खाल्लंत?" मी पडल्या पडल्या विचारलं.

"दाल-चावल. ऊपर से घी."

आई लॉबीत खुर्चीवर बसून हे पाहत होती. मी पँट सावरत तिच्यासमोर गेलो. ती म्हणाली, "तुझ्या पोटान गणपती आमच्या दारात बसलो होतो. तां पोट तू त्या मोबाइलवाल्याक देऊन इलंस!"

मला खरोखर वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून मी नमेन तर परब कसला! "आई, मी तुला खुर्चीसकट उचलून नेईन. रोज. आरतीला."

चतुर्थीच्या संध्याकाळी खुर्चीच्या एका बाजूला पेडणेकर, दुसऱ्या बाजूला मी. ए विंगच्या लॉबीची पहिली पायरी चढलो. दुसरीवर माझे हात लटपटायला लागले. खुर्ची तिथेच टेकवावी लागली. वर मेहताभाई आरतीचं तबक घेऊन उभे, मागे सगळी सोसायटी टाळ घेऊन तयार.

"भात खाल्लंस काय?" आईने विचारलं.

"नाही. आणि खाणार नाही!"

"मगे मी हयच बसतंय." तिने पदर सावरला आणि पायरीवरच्या खुर्चीत ठाण मांडलं.

"आई, लोक थांबलेत!"

"थांबांदेत. तन्वी, ताट हाड गो."

"आरतीच्या आधी जेवायचं?" मी शेवटचा खडा टाकून पाहिला.

"देवाक चलता. माका घेवन तू पडलंस तर माका चलूचा नाय."

ताट आलं. उकड्या तांदळाचा भात, वर वरण, त्यावर तुपाची धार, बाजूला वाटीत सोलकढी. तो वास नाकात गेला आणि माझं तत्त्व कुठल्या कुठे गेलं. ए विंगच्या पायरीवर बसून, अख्ख्या सोसायटीसमोर, आरती थांबवून मी जेवलो. दुसऱ्यांदा भात मागितला तेव्हा टाळ्या पडल्या. घास संपताच मी उठू लागलो.

"बाबा, बसा!" तन्वी म्हणाली. "भात रक्तात उतरायला वेळ लागतो."

"आरामसे, परबभाई," मेहताभाईंनी निरांजनात आणखी तूप घातलं. "बाप्पा को जल्दी नहीं है."

मग आम्ही खुर्ची उचलली. आई वर पोचली. बाप्पासमोर हात जोडताना तिचे डोळे भरून आले आणि माझेही. (माझे सोलकढीच्या मिरचीने, हे नोंदवून ठेवतो.)

पुढे रोज आईला उचलायचं म्हणून रोज भात, भात म्हणून तूप, तूप म्हणून मोदक, मोदक म्हणून नारळ. विसर्जनाला पँट पुन्हा घट्ट बसू लागली होती. त्यानंतरच्या बैठकीत पेडणेकरने तो निषेधाचा ठराव मांडला, आणि अनुमोदन माझ्या आईने दिलं!

पण मी आजही ठामपणे सांगतो, तो ठराव साफ खोटा आहे. त्यात लिहिलंय, 'श्री. परब यांनी कोणालाही न विचारता वजन कमी केले.' कुठे कमी केलंय? दाखवा!