पार्टिशनपलीकडचा सोपा

लोककथा गोळा करण्यासाठी मी आयुष्यभर गावोगाव हिंडलो. निवृत्तीनंतर लक्षात आले की त्या घरबसल्याही साठतात. फक्त भिंत पातळ हवी.

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या माझ्या घराच्या तळमजल्यावर पुढे वैशाली मगदूमचे इंटिरिअर डिझाइनचे ऑफिस आहे आणि मागे माझी अभ्यासिका. मध्ये प्लायवूडचे पार्टिशन. ते वैशालीनेच उभारले आणि ते साउंडप्रूफ आहे असे तिचे म्हणणे आहे. तिचा हा गैरसमज मी आजवर दूर केलेला नाही.

खालचे किस्से बरेचसे त्या पार्टिशनमधून आलेले. उरलेले तिने चहाच्या वेळी सांगितले. ते सगळे एकदम आठवण्याचे कारण असे की, पुण्याच्या एका मोड्युलर फर्निचर कंपनीने तिला कोल्हापूर शाखेची प्रमुख व्हा म्हणून विचारले. अट एकच. स्वतःचे ऑफिस बंद करायचे.

"सर, काय करू?" ती म्हणाली. "लोक आता फोनवर स्वयंपाकघर मागवतात. आज ठरलेलं काम उद्या राहील का, सांगता येत नाही. मुलगा परदेशी निघाला की बापाचा बंगला अर्ध्यावर थांबतो. त्यापेक्षा नोकरी बरी नाही का?"

"महिनाअखेरपर्यंत वेळ आहे, विचार कर," मी म्हणालो. एवढे सांगायला प्राध्यापक लागत नाही, हे मलाही कळत होते.

०

तिचे पहिले मोठे काम बिद्रीकडच्या तात्यांचे. तात्या म्हणजे ऊस, म्हशी आणि मोठा आवाज. नवा बंगला बांधत होते. फोनवर म्हणाले, "बाई, बाकी काय बी करा, सोपा मोठा पायजे. पंधरा मानसं ऐसपैस बसली पायजेत."

"पंधरा?"

"लगीनसराईत ईस बी हुत्यात की!"

पुण्यात शिकून नुकतीच परतलेली वैशाली कामाला लागली. हॉलच्या तीन भिंतींना लागून, दोन ठिकाणी वळण घेणारा असा एक सोफा तिने काढला. तिचे सुतार बाबूराव मिस्त्री चित्र पाहून म्हणाले, "मॅडम, एवढा सोपा जिल्ह्यात न्हाय!" त्यांचे बहुतेक अंदाज चुकतात, हा मात्र खरा असावा.

तात्या आले. चित्र उलटेसुलटे करून पाहिले. "ह्ये काय?"

"सोफा."

"आन सोपा कुठं हाय?"

"हाच की!"

"अवो बाई, ह्यो इकत घ्यायचा सोपा. मी घराचा सोपा म्हंतोय!"

आमच्या भागात सोपा म्हणजे घराची दर्शनी खोली. आलेला माणूस चपला काढून प्रथम टेकतो ती. कोण, कुठला, हे विचारायच्या आधी तिथे पाणी मिळते. पण इथल्या जिभेवर 'फ'चा 'प' होतो, म्हणून सोफाही सोपाच. शिवाय अवघड नसलेले काम सोपे असते, ते निराळेच. एका शब्दाने एका घराचा नकाशा पार चुकवल्याचे माझ्या संग्रहातले हे एकमेव उदाहरण.

वैशालीने हॉल आणि गेस्टरूममधली भिंत काढायला लावली. सोफा बादच झाला. भिंतीकडेने बैठक आली. तात्या उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, "आता घराला तोंड आलं."

०

कोरोनाच्या काळात जो तो घरी बसून ऑफिस करू लागला आणि वैशालीकडे एकच मागणी वाढली: दार बंद होणारी खोली. शाहूपुरीतल्या एका व्यापारी घरातला मुलगा तर कळवळून म्हणाला, "मॅडम, आई मीटिंगमध्ये चहा घेऊन येते. काल माझ्या बॉसलाही 'घेणार का' म्हणून विचारलं!"

आईला आत येऊ द्यायचे नाही आणि चहाही चुकू द्यायचा नाही, असा हा प्रश्न. वैशालीने दारालाच एक छोटी सरकती खिडकी केली. तेवढ्यातून कप जाईल, बशी जाईल, आई जाणार नाही. दोन्ही पक्ष खूश झाले.

पुढे कंपनीने मुलाला बंगलोरला परत बोलावले. खोली रिकामी पडली. काही महिन्यांनी वैशाली सहज त्या घरी गेली, तर खोलीचे दार बंद. तिने विचारले, "मुलगा आलाय का?"

"न्हाय ओ," काकी म्हणाल्या. "आमचं हे हायत आत. जेवल्यावर रोज मीटिंग असती त्यांची."

आतून घोरण्याचा आवाज येत होता. काकींनी खिडकी सरकवली, चहा आत ठेवला आणि अगदी हळू आवाजात वैशालीला म्हणाल्या, "तुमी घेणार का?"

०

पूर्वी लग्न ठरले की घराला रंग लागत असे. आता घर आधी सजवावे लागते, तेव्हा कुठे लग्नाचे बोलणे निघते. शेतकऱ्याच्या मुलाला मुलगी मिळणे अवघड झाल्यापासून या क्रमाची अशी अदलाबदल झाली आहे.

नेसरीकडचे एक कुटुंब. मुलगा शिकलेला, घरी दुधाचा धंदा. त्याच्या खोलीत पलंग झाला, कपाट झाले, आरसा झाला. रंगाचे काम निघाल्यावर आईने हात आडवा केला. "रंग सूनबाई ठरवंल. आमी न्हाय मधी पडणार."

"पण काकू, लग्न ठरलंय कुठं?"

"म्हणून तर म्हंतोय, ठरू दे की!"

भिंती रंगाआधीच्या नुसत्या पांढऱ्या प्रायमरवर राहिल्या. स्थळे आली, गेली. कुणाला गाव लांब वाटले, कुणाला म्हशी जवळ वाटल्या. दर दिवाळीला आईचा फोन यायचा, "रंगवाल्याला सांगून ठेवा हां, यंदा नक्की!" आणि दर दिवाळीला वैशाली सांगून ठेवायची.

शेवटी एक मुलगी स्वतःच घर पाहायला आली. नोकरी करणारी, बोलायला धीट. खोलीच्या दारात थांबली. मुलगी भिंतींकडे पाहून म्हणाली, "कित्ती छान! एकदम मिनिमल! ह्याला अजिबात रंग लावू नका हं."

लग्न झाले. आईने फोन करून कळवले, "बाई, रंगवाल्याला नको म्हणून सांगा. आमी इतकी वर्सं थांबलो, आन हिला थांबल्यालाच रंग आवडला!"

हा किस्सा सांगताना वैशाली पोट धरून हसली. मग म्हणाली, "सर, कंपनीच्या शेडकार्डात हा रंग नसेल, नाही?"

०

एका शिक्षिकेने एकटीसाठी फ्लॅट घेतला. बाथरूममध्ये आरसा लावताना बाबूराव मिस्त्री तोंडात खिळे धरून म्हणाले, "मॅडम, सायबांची उंची सांगा. दाढीचा आरसा त्या हिशेबानं लावतो."

त्या म्हणाल्या, "माझीच धरा."

मिस्त्रींनी खिळे तोंडातून काढले, आरसा हातभर खाली घेतला आणि त्यानंतर कोणत्याच घरात हा प्रश्न विचारला नाही. आता ते नुसते म्हणतात, "आरशात बघणार कोण?"

०

हल्ली गिऱ्हाईक हातात चित्र घेऊनच येते. मोबाइलला सांगायचे, मला असे घर पाहिजे, की एआय चित्र काढून देतो. असाच एक शाहूवाडीचा तरुण आला. चित्र खरोखर देखणे. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात उतरत्या प्रकाशात लाकडी पायऱ्या.

बाबूरावांनी चष्मा लावला. "मॅडम, ह्या पायऱ्या जात्यात कुठं?"

वैशालीने पाहिले. पायऱ्या थेट भिंतीत जात होत्या. वर ना मजला, ना दार.

तिने तरुणाला समजावले, "हे कॉम्प्युटरनं चुकून केलंय. या पायऱ्या कुठंच जात नाहीत."

"जाऊ द्या की न जात," तो म्हणाला, "पण दिसत्यात कसल्या झाक!"

ऐकेना. शेवटी केल्या. वैशालीला त्या पायऱ्यांची इतकी लाज वाटली की तिने त्या घराचा एकही फोटो कुणाला दाखवला नाही. गणपतीत मात्र त्याचे आमंत्रण आले म्हणून ती गेली. पाहते तो, पायऱ्यांवर जरीचे कापड, पायरीपायरीला समया, फळे, खेळणी आणि सगळ्यात वर, भिंतीला टेकून, गणपती.

तरुणाची आई आलेल्या बायकांना सांगत होती, "पोरानं आरास कायमचीच करून घेतली बगा!"

हौस आधी येते आणि तिचा उपयोग मागून हुडकला जातो, हे मी कितीतरी विधींबाबत लिहिले आहे. इतका ताजा पुरावा मला कधी मिळाला नव्हता.

०

महिनाअखेर आली. कंपनीचा मॅनेजर उत्तर घ्यायला स्वतःच ऑफिसात आला. तरुण, नम्र, हातात टॅब, एवढे मी फाटकात पाहिले होते. मी पार्टिशनच्या अलीकडे पुस्तक उघडून बसलो होतो. ते उलटे होते, हे नंतर लक्षात आले.

मॅनेजर बोलायला लागणार तोच दारातून ओळखीचा आवाज आला. "हायसा का बाई?"

तात्या! धाकट्या मुलाने कोल्हापुरात फ्लॅट घेतला होता. त्याचे काम घेऊन आले होते.

मॅनेजरने उत्साहाने टॅब पुढे केला असावा. "काका, बघा ना, आमच्याकडं सगळं रेडी असतं. टू बीएचके, थ्री बीएचके, नुसतं बोट लावायचं."

तात्यांनी बोट लावले नसावे. "सोपा हाय का त्यात?"

"आहे ना! थ्री-सीटर आहे, एल-शेप आहे, मागं रेलता येतं असाही आहे. कुठला दाखवू?"

तात्यांनी त्याला सोप्याचा अर्थ सांगितला नाही. वैशालीनेही नाही. मिस्त्री होते, पण त्यांच्या तोंडात खिळे असावेत.

मग मॅनेजर म्हणाला, "बरं मॅडम, आपलं काय ठरलं? ही रोजची धावपळ नको, कामं रद्द होण्याची काळजी नको. महिन्याला ठरलेला पगार. काम तर इतकं सोपं आहे!"

वैशालीचा आवाज अगदी शांत होता. "सोपं आहे हो. पण त्यात सोपा नाही."

"म्हणजे?"

खुर्ची सरकवल्याचा आवाज झाला आणि तात्या म्हणाले, "म्हंजे काय, बसा की पावणं. पानी घ्या आदी."